बिनवेलच्या टाक्या

बिनवेल पाणबुड्या होता तोवर मी त्याला नीट पाहिलं असं नव्हतंच. सकाळी त्यांची होडी मालेरी बेटाकडे निघून जायची. दुपारी परतली की तो ओल्या चड्डीवर वाळूत पडून राहायचा, आणि मासे शेडमध्ये घेऊन यायचे ते दुसरेच कोणी. शेडमध्ये तो पहिल्यांदा आला तो काठीवर, डावा पाय मागे ओढत. मालकांनी त्याला माझ्यासमोर उभा केला आणि म्हणाले, "एनिफा, आजपासून टाक्या हा बघेल. पाणी कुठून घ्यायचं, खाणं कुठे ठेवतो, सगळं दाखव त्याला."

मी तिथे मासे पिशव्यांत भरायचं काम करायचे. नवरा गेल्यापासून तेच करत होते. आमच्या सरोवरातले हे रंगीत मासे, म्बुना, खडकांच्या कपारींत राहतात. बोटाएवढे, फार तर हाताच्या पंजाएवढे. आम्ही ते खात नाही, चवच नाही त्यांना. पण समुद्रापलीकडचे लोक ते काचेच्या पेटीत सोडून बघत बसतात म्हणे. मालक गोरे, पण जन्मले इथेच, आमची भाषा आमच्यासारखी बोलायचे. त्यांचा धंदा हाच. पाणबुड्यांनी मासे धरायचे, पिंपात घालून पाण्यातच थोडे थोडे वर घ्यायचे, कारण खोलातला मासा एकदम वर ओढला तर पोट फुगून उताणा होतो. मग शेडमधल्या टाक्यांत ठेवायचे आणि मागणी आली की पिशवीत भरून लिलाँग्वेच्या विमानाला घालायचे.

माशाला जे चालत नाही ते माणसालाही चालत नाही. बिनवेलचं तेच झालं होतं.

तो मूळचा न्खोटाकोटाकडचा. आमच्यात पुरुष लग्न करून बायकोच्या गावी येतो, तिच्या आईच्या जागेत घर बांधतो, पोरं बायकोच्या घराण्याची होतात. लग्न जुळतं दोन्हीकडच्या राखणदारांच्या शब्दावर. नवरा-बायकोचं काही बिनसलं तर तक्रार त्यांच्याकडे न्यायची, मोडायचं झालं तरी तेच मोडणार. बिनवेलची बायको फलेसी. तिच्या बाजूचा राखणदार तिचा थोरला भाऊ ग्रेशम. आणि हाच ग्रेशम होडीवर बसून हवेचा कॉम्प्रेसर सांभाळायचा. वर यंत्र, त्यातून लांब नळी, नळीच्या टोकाला खाली खडकांत बिनवेल.

त्या दिवशी जवळून एक डोंगी चालली होती. तीत ग्रेशमच्या ओळखीची माणसं होती. तंबाखू निघाली, गप्पा रंगल्या. सकाळी पेट्रोलचा डबा भरून घ्यायचा राहिला होता, ते कोणाच्या ध्यानात नव्हतं. यंत्र खोकलं आणि बंद पडलं. खाली बिनवेलच्या तोंडात हवा येईना. त्याने मासे भरलेलं पिंप दोराला तसंच लटकत ठेवलं आणि सरळ वर आला. वर आला तेव्हा ठीक होता, हसलासुद्धा म्हणतात. दुपारी खांदे दुखायला लागले. संध्याकाळी त्याला होडीतून उचलून घरी न्यावं लागलं.

सलिमाच्या दवाखान्यातून लिलाँग्वेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की यासाठी हवेच्या दाबाची एक विशेष खोली लागते, ती देशात नाही. उजव्या पायात हळूहळू जीव आला, डाव्यात आला नाही.

गावात ग्रेशमने सांगितलं की दाजींना मगर दिसली, ते घाबरून एकदम वर आले. माझा भाऊ दुसऱ्या होडीवर होता. यांची होडी त्यानेच ओढून किनाऱ्याला आणली होती, आणि तो कोरडा डबा त्याने हातात धरला होता. तो घरी बोलला, तेवढं मला कळलं. बिनवेलला कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "घाई झाली माझ्याकडून."

शेडमध्ये सुरुवातीला त्याचं काही जमेना. एका खडकावर शेजारी शेजारी राहणारे मासे त्याने एका टाकीत सोडले. त्याला वाटलं, जुने शेजारी आहेत, ओळखतात एकमेकांना. सकाळी बघतो तो एक निळा नर कोपऱ्यात, पाण्याच्या नळीमागे डोकं घालून, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. दुपारी तो मेला. दुसऱ्या टाकीत तसंच. आठवडाभर रोज सकाळी आम्ही मेलेले वेचत होतो. मालक दाराशी येऊन उभे राहायचे, आणि बिनवेल पाठमोरा असूनही ते आलेत हे त्याच्या खांद्यांवरून कळायचं.

एकदा तो मला म्हणाला, "खाली हे भांडतात तेव्हा मी कितीदा बघितलंय, ताई. एक हरतो आणि निघून जातो. खालचं भांडण म्हणजे एवढंच. इथे हरलेल्याने जायचं कुठे?"

मग तो शिकत गेला. स्टूल घेऊन टाकीसमोर बसायचा आणि बघत राहायचा. एकाच रंगाचे दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत हे त्याला आधी कळलं. निळ्याला निळाच खुपतो, पिवळ्याकडे तो ढुंकून बघत नाही. एका नराबरोबर माद्या बऱ्याच हव्यात, नाहीतर एकुलत्या एक मादीला तो छळून छळून मारतो. शेवाळ खरवडून खाणारे आणि दुसऱ्यांची पिल्लं खाणारे एका टाकीत नकोत, कारण एकाचं खाणं दुसऱ्याला विष. शेवाळ खाणाऱ्याला मांसाचा चुरा मिळाला की पोट टम्म होऊन तो मरतो. या गोष्टी मालकांनाही ठाऊक होत्या, थोड्याफार मलाही. पण कोणता मासा कोणाजवळ गप्प राहतो ते एकेका माशाकडे बघूनच ठरवावं लागतं, आणि तेवढा वेळ बसायला बिनवेलइतका मोकळा दुसरा कोणी नव्हता. पाय नसलेल्या माणसाला बसण्याचे कष्ट पडत नाहीत, असं तो स्वतःच म्हणायचा.

सगळ्यांत वाईट जात होती ती काळी, अंगावर निळ्या रेघा असलेली. शेडमध्ये आम्ही तिला कापिताव म्हणायचो. मळ्यावरच्या मुकादमाला आमच्याकडे कापिताव म्हणतात. तिचा नर टाकीत एक दगड धरतो, मग दोन धरतो, मग सगळी टाकी त्याचीच. बिनवेलने त्याच्यासाठी वेगळी युक्ती काढली. त्याच्या टाकीत मासे कमी करण्याऐवजी वाढवले, अगदी दाटी केली. मी म्हटलं, "अरे, आधीच हा मारतो, आणि तू आणखी गर्दी करतोस?" तो म्हणाला, "चारच असले तर तो चौघांना ओळखून मारतो. एवढ्यांत कोणाकोणाच्या मागे लागणार? प्रत्येकाला थोडं थोडं लागतं, मरत कोणी नाही." आणि नवा मासा सोडायचा असला की आधी सगळे दगड उचलून जागा बदलायच्या. जुन्यांची घरं मोडली की तेही नव्यासारखेच बावरतात, आणि नव्याला तेवढी फुरसत मिळते.

मरण्याचं प्रमाण उतरलं. मालक आता दाराशी न थांबता आत येऊ लागले.

एक टाकी मात्र बिनवेलने बाजूला ठेवली होती, खिडकीपासून लांब. बेटाच्या पलीकडच्या खोल खडकांतले पांढुरके मासे होते त्यात, पंखांच्या कडेला थोडी निळी झाक. त्याच्या शेवटच्या बुडीतलं ते पिंप. दोराला लटकत राहिलेलं ते पिंप माझ्या भावाने दुसऱ्या दिवशी शोधलं आणि रीतीप्रमाणे हळूहळू वर घेतलं. ते मासे जगले. असे मासे आमच्याकडे आधी आले नव्हते. मालक विकायला निघाले होते. बिनवेलने सांगितलं, थोडं थांबा, वाढवू. त्यांच्या सोबतीला त्याने आधी निळे ठेवून पाहिले, पांढुरके खायचेच बंद झाले. मग नुसतेच ठेवले, तर एकटे पडल्यासारखे दगडाबाहेर येईनात. शेवटी उत्तरेकडचे लहान पिवळे सोडले, जे कोणाच्या अध्यात न मध्यात. पिवळे बिनधास्त फिरतात ते बघून पांढुरके बाहेर यायला लागले. पुढे एका मादीचा गळा फुगलेला दिसला. हे मासे अंडी तोंडात धरतात, पिल्लंही तिथेच वाढवतात, आणि तोवर मादी काही खात नाही. बिनवेलने मला हाक मारून दाखवलं. त्या शेडमध्ये मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

घरी हसण्यासारखं नव्हतं. पावसाच्या आधी जमीन खणायची असते, जावयाने सासूच्या शेतात कुदळ धरायची असते. बिनवेल बसून खणायला लागला, ढेकळं हाताने फोडायला लागला. सासूने कुदळ काढून घेतली. ती वाईट बाई नव्हती. "राहू दे रे, लोक बघतात," एवढंच म्हणाली. तामांडा नावाची त्यांची मुलगी होती, पहिलीत जायला लागलेली. फलेसी बाजारात तळलेल्या पिठाचे गोळे विकायची, संध्याकाळी नवऱ्याच्या पायाला गरम पाण्याने शेकायची. तक्रार करताना मी तिला ऐकलं नाही. पण घरात उसिपाचं, त्या बारीक माशांचं, कालवण कमी असलं की कोणाच्या ताटातलं कमी होतं, ते दिसायचं.

त्यातच मालकांनी जुनी होडी मोडीत काढली. नव्या होडीवर नवी माणसं आली. ग्रेशमला घरी पाठवायचं नाही म्हणून मालकांनी त्याला शेडमध्ये घातलं, पाणी वाहायला आणि टाक्या घासायला. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. एका घरचे आहेत, जमवून घेतील, असं त्यांना वाटलं असणार.

ग्रेशम बोलका माणूस. तो आला आणि शेडमध्ये हसणं आलं हे खरं आहे. बादली खाली ठेवून तो टाक्यांवरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "दाजी, हे मासे आहेत की सोयरे? याला त्याच्या शेजारी बसवायचं नाही, तिला याच्या समोर आणायचं नाही. माझ्या पोरींची लग्नं जमवताना मी इतकं बघितलं नाही." बिनवेलही हसायचा. तो त्याला ग्रेशमदादा म्हणायचा, आधीही तसंच म्हणायचा. त्या दोघांत मगरीची गोष्ट कधी निघाली नाही. पण बिनवेलने काही सांगितलं की ग्रेशम ते लगेच करायचा नाही. थोडा वेळ इकडेतिकडे करून, जणू आपल्याच मनात आलं, असं करायचा. वरच्या माणसाने खालच्याचं ऐकायचं, त्यातून खालचा आपल्यामुळे लंगडा झालेला. ते त्याला जड जात असणार.

एका शुक्रवारी कापितावच्या टाकीची काच झिरपायला लागली. शनिवारी ती रिकामी करून सांधायची असं ठरलं. बिनवेलला शनिवारी सलिमाला दवाखान्यात जायचं होतं. एका जागी बसून बसून त्याला मांडीखाली जखम झाली होती. जाताना त्याने ग्रेशमला सांगितलं की माद्या आणि बाकीचे मोठ्या हौदात सोडा, पण नर वेगळ्या बादलीत ठेवा, वर फळी ठेवा, पाणी बदला. मी तिथेच पिशव्या मोजत होते. तो पुन्हा म्हणाला, "त्याला दुसरीकडे कुठेच सोडू नका, दादा." ग्रेशम म्हणाला, "हो रे बाबा, मासाच आहे तो, बिबट्या नाही."

शनिवारी काय झालं ते नंतर जोडून कळलं. बादल्या सगळ्या सांधकामात गुंतल्या होत्या. ग्रेशमने बघितलं, तर पांढुरक्यांची टाकी तेवढी शांत, मासे थोडे, जागा भरपूर. एका दिवसाचा तर प्रश्न. त्याने नराला त्यात सोडलं, आणि दुपारी कोणाचं तरी बोलावणं आलं म्हणून निघून गेला. रविवारी आम्ही सगळे चर्चला. सांधलेली टाकी सुकायला वेळ लागतो, तोवर शेडमध्ये कोणी यायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी कुलूप मी उघडलं. पिवळ्यांपैकी काही नळीजवळ अंग चोरून जिवंत होते. पांढुरके सगळे मरून तळाशी. गळा फुगलेल्या मादीचा गळा मोकळा होता. मादी घाबरली की तोंडातली पिल्लं टाकून देते. पिल्लं कुठेच नव्हती. टाकीच्या मधोमध काळा नर एका दगडावर फिरत होता, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

बिनवेल आला आणि स्टूल ओढून टाकीसमोर बसला. ग्रेशम त्याच्या मागोमाग आला. त्याने टाकी बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी त्याला खोटं म्हणणार नाही; तो खरंच हादरला होता.

मालक आले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "याला इथे कोणी सोडलं?"

ग्रेशम म्हणाला, "दाजींनीच सांगितलं होतं, मालक. शुक्रवारी."

मालकांनी बिनवेलकडे पाहिलं. बिनवेल टाकीकडेच बघत होता. म्हणाला, "हो. मीच सांगितलं. वाटलं, एक दिवस निभेल."

"तू?"

"मी, मालक."

मी पुढे झाले. "मालक, शुक्रवारी मी इथेच होते, आणि हा काय बोलला ते—"

"ताई, पिशव्या धुवायच्या राहिल्यात," बिनवेल म्हणाला. माझ्याशी तो अशा आवाजात कधी बोलला नव्हता.

दुपारी शेडमागे कडुनिंबाखाली मी त्याला गाठलं. विचारलं की हे काय केलंस. तो काठीने माती उकरत होता. म्हणाला, "मला कामावरून काढलं तर मी त्या घरात लंगडा म्हणून राहतो. ग्रेशमदादांना माझ्या शब्दावरून काढलं तर वैरी म्हणून. लंगड्याला जेवायला घालतात, ताई."

मी तरी मालकांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मला दिसतंय, एनिफा. पण जो आपल्या तोंडाने कबूल करतोय, त्याला मी खोटा कसा ठरवू?" आठवड्याभरात ब्लँटायरहून एक शिकलेला माणूस टाक्यांवर आला. बिनवेलला जाळी शिवायला बसवलं. मालकांनी नवी होडी त्या खडकांकडे पाठवून पाहिली, पण तसे मासे मिळाले नाहीत.

ग्रेशम काही दिवस बिनवेलशी फार गोड वागला. पिकलेले आंबे आणून द्यायचा, जखमेसाठी मलम आणलं, रस्त्यात त्याला सायकलवर घ्यायचा. मला वाटलं, आता हे दोघे मनातलं बोलतील आणि मोकळे होतील. झालं उलटंच. ज्या माणसाने आपल्यासाठी दोनदा तोंड मिटलं, तो रोज सकाळी अंगणात समोर दिसतो, हे ग्रेशमला सोसेना. आधी तो आंबे आणायचा थांबला. मग बिनवेल अंगणात आला की तो उठून जायला लागला. मग एक दिवस निरोप न्खोटाकोटाला गेला, की बिनवेलच्या बाजूच्या राखणदाराने यावं.

बिनवेलचा म्हातारा मामा आला. सासूच्या अंगणात आंब्याखाली चटया पसरल्या, आम्ही शेजारीपाजारी थोड्या अंतरावर बसलो. कोणाचा आवाज चढला नाही. ग्रेशम फार अदबीने बोलला. म्हणाला की आमची काही तक्रार नाही, माणूस चांगला आहे, पण पाय बरा होण्यातला नाही, जखम वाढते आहे, आमच्या बहिणीला एकटीला झेपत नाही. अशा वेळी माणूस आपल्या आईच्या घराण्यात असलेला बरा. म्हाताऱ्याने बिनवेलला विचारलं, तुझं काही म्हणणं आहे का. तो म्हणाला, "नाही, मामा." मग फलेसीला विचारलं. ती चटईची काडी सोलत होती. म्हणाली, "दादा म्हणतात तसं."

तामांडाचं कोणी काही विचारलं नाही. मुलगी आईच्या घराण्याची. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरोवरावर भांडी घासताना मी फलेसीला गाठलं. मला राहवेना. मी तिला मगरीची गोष्ट खोटी आहे हे सांगितलं, पेट्रोलचं सांगितलं, कापितावचंही सांगितलं. ती हाताने वाळू घेऊन पातेलं घासतच राहिली. मग म्हणाली, "तो डबा माझ्याच अंगणात आहे, ताई. दादाने त्या दिवशी आणून टाकला होता. मी त्यात पाणी भरून ठेवते."

"तुला ठाऊक होतं?"

"त्याला उचलून आणला त्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पातेलं विसळलं आणि पालथं घातलं. "कोणापाशी बोलू? नवऱ्यावर अन्याय झाला तर राखणदाराकडे जायचं. माझा राखणदार कोण आहे?"

न्खोटाकोटाकडे जाणाऱ्या ट्रकवर त्याला चढवलं तेव्हा माझ्या भावाने खालून धरलं, वरून मामाने ओढलं. एक गाठोडं आणि काठी, एवढंच सामान. फलेसीने केळीच्या पानात मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि मासे बांधून दिले. तामांडाला शाळेत पाठवलं होतं. ट्रक सुटला तेव्हा ग्रेशम हात वर करून उभा होता. मग तो तसाच शेडकडे कामाला गेला, मीही गेले.

पुढच्या वर्षी मला एका नात्यातल्या लग्नासाठी तिकडे जायचा योग आला. मी त्याचं घर विचारत गेले. तो त्याच्या बहिणीच्या घरी होता. ओसरीवर उशांना टेकून बसला होता, गालफडं बसलेली, पण केस नीट कापलेले. बहिणीने मला गोड मक्याची पेज दिली. तिचा नवरा चिकोंडी, तरुण पोरगा, कसाव्याच्या शेतातून आला, दुरून गुडघे टेकून मला नमस्कार केला आणि घरामागे निघून गेला. तिकडून त्याचं आणि बायकोचं हसणं ऐकू येत होतं. बिनवेल खाकरला आणि ते थांबलं.

मी त्याला इकडचं सांगितलं. तामांडा वाचायला शिकली, हे सांगितलं. शेडमधल्या माशांचं त्याने काही विचारलं नाही, मीही काढलं नाही. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "इथे मी ग्रेशम आहे, ताई."

मला कळलं नाही. मग तो म्हणाला, "बहिणीचा राखणदार मीच. मामा आता थकले. त्या पोराने घर बांधलं आमच्या जागेत, माझ्या अंगाखालची घाण तो धुतो, आणि मला घाबरतो. मी त्याला कधी वावगं बोललो नाही. जेवायला शेजारी बस म्हणतो. बसत नाही. उभा राहतो, मी संपवेपर्यंत."

"समजावून सांग त्याला."

"काय सांगू? मला घाबरू नकोस म्हणून सांगितलं तर ते तो हुकूम म्हणूनच ऐकणार."

लग्नाच्या घरी मला उशीर होत होता. निघताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या हातांना ताप होता. मी चिकोंडीला घरामागे जाऊन सांगितलं की जखम एकदा दवाखान्यात दाखव. तो म्हणाला की तीनदा नेलंय, आणखी नेतो. चांगला पोरगा होता.

थंडीत दक्षिणेचा वारा सुटतो, लाटा उंच होतात आणि आठ-आठ दिवस होड्या निघत नाहीत, तेव्हा बातमी आली. माती होऊन गेल्यावर आली, त्यामुळे इथून कोणाला जाता आलं नाही. ग्रेशम शेडमध्ये पाण्याची बादली घेऊन उभा होता. त्याने बादली खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला धरून बसला. नंतर तो उठून कामाला लागला. त्या दिवशी त्याने कोणाशी थट्टा केली नाही, आणि त्यानंतरही त्याच्या थट्टा कमीच होत गेल्या.

आमच्यात घरचं माणूस गेलं की सगळे डोक्याचे केस उतरवतात. संबंध मोडलेल्या माणसासाठी कोणी तसं करत नाही. फलेसीने केलं. त्याच संध्याकाळी पातं घेऊन माझ्या दारात आली आणि खाली बसली. मी तिचे केस काढले, मग शेजारी येऊन बसलेल्या तामांडाचेही. त्या घरी गेल्या तेव्हा ग्रेशमने अंगणात तिला विचारलं की हे कोणाच्या परवानगीने केलंस. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मुलीला घेऊन आत गेली.